तीन वेढे

दोरीचं एक टोक त्याने खुंटीच्या कडीत बांधलं, दुसरं कमरेच्या पट्ट्याला अडकवलं आणि फक्कीची गाडी ढकलत चार पावलं गेल्यावर मागे न बघताच म्हणाला,

"हलू नकोस."

म्हटल्यावर तो थांबला. गाडीतून पांढरी फक्की एकाच जागी सांडत राहिली आणि तिचा लहानसा ढीग झाला. तो त्याने बुटाने पसरला. खुंटी हलणार नव्हतीच. लोखंडी होती, नवी होती, दीड फूट आत ठोकलेली होती. लोहार म्हणाला होता, हत्ती बांधलात तरी उपटणार नाही.

बायको जाऊन आठ महिने झाले होते. तिच्या माघारी मैदान आखायची ही पहिलीच वेळ.

मैदान एकच, पण त्यावर तीन तऱ्हेचे फुटबॉल चालायचे. एक गोल चेंडूचा, जो सगळं जग खेळतं. दुसरा रग्बी, त्यात लांबट चेंडू हातात घेऊन पळतात. तिसरा ऑस्ट्रेलियन. त्याचा चेंडूही लांबट आणि मैदानही लंबगोल. पहिली दोन मैदानं चौकोनी. ती आखायला दोन खिळे आणि एक दोरी पुरते, माणूस लागत नाही. लंबगोलाला लागतो. त्याच्या दोन्ही टोकांना मोठे अर्धगोल काढावे लागतात. एकाने मधे दोरी धरून उभं राहायचं, दुसऱ्याने ती ताणून धरत गाडीसकट फेरा मारायचा. मधे ती असायची, फेऱ्यावर तो. दर वर्षी गाडी निघाली की तो म्हणायचा, "हलू नकोस," आणि ती म्हणायची, "मी कुठं जातेय?"

आता उत्तर आलं नाही, तरी त्याने उत्तराएवढा वेळ जाऊ दिला. मग गाडी ढकलली.

फाटकापाशी दोन खोल्या होत्या, तिथे तो राहायचा. लोक त्याला मैदानवाला म्हणत. पगार मैदान समितीचा. समितीचे सेक्रेटरी जुने रेफरी होते. दोन वाक्यांच्या मधे ते असे थांबायचे, जणू मधे शिट्टी वाजवून घेतायत. त्यामुळे बायकोने त्यांचं नाव शिट्टी ठेवलं होतं. ते नाव पुढे साऱ्या समितीत पसरलं, खुद्द त्यांच्या घरातही.

शिट्टी चार दिवसांपूर्वी येऊन सांगून गेले होते. पुढच्या मोसमापासून मैदानावर कृत्रिम गवत येणार. त्या गवतात रेघा विणलेल्याच असतात, पुन्हा पुसता येत नाहीत, तेव्हा खेळ एकच ठेवायचा. रग्बीवाल्यांना नदीकाठची जागा मिळाली होती. उरले दोन. समितीत माणसं चार. दोघं म्हणाली गोल चेंडू, दोघं म्हणाली लंबगोल, आणि कुणीच मागे हटेना. शेवटी ठरलं की मैदान ज्याने एवढी वर्षं राखलं तो सांगेल ते करायचं. आज पाच वाजता बैठक होती.

शिट्टींना वाटत होतं, आपल्याला उत्तर माहीत आहे. मैदानवाला गोल चेंडूचा माणूस हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. ऑस्ट्रेलियन फुटबॉलची मंडळी एकोणतीस वर्षांपूर्वी पहिल्यांदा मैदान मागायला आली, तेव्हा लंबगोल इथे बसणारच नाही म्हणून त्याने समितीपुढे हट्ट धरला होता. बसला. तेव्हापासून त्याचं आणि बायकोचं भांडण सुरू झालं. तिला तोच खेळ आवडला.

रात्री जेवण झालं की दोघं टीव्हीवर जगातले फुटबॉल बघायची. अमेरिकनला ती ऑफिस म्हणायची. दहा सेकंद खेळतात, मग घोळका करून मिटिंग घेतात, याला खेळ म्हणायचं की ऑफिस? रग्बी तिला लग्नघरासारखा वाटायचा. जाड्याला काम, बुटक्याला काम, ताडमाडाला काम, कुणी रिकामं बसत नाही. आयर्लंडच्या गेलिक फुटबॉलमधले खेळाडू पैसे न घेता आपापल्या गावासाठी खेळतात आणि सोमवारी कामावर जातात, हे कळल्यावर तिने टीव्हीवरच्या एका गोलरक्षकाकडे बघून म्हटलं होतं, हा नक्की सुतार असणार, बघा कसा मापात उभा आहे. तो हसायचा, पण गोल चेंडू सोडायचा नाही. दोन दगड ठेवले की गोल झाला. काही विकत घ्यावं लागत नाही, कुणाची भाषा यावी लागत नाही. म्हणून तर जगभर गेला.

"आणि नव्वद मिनिटं पळून शून्य-शून्य," ती म्हणायची. "खांबाला लागून बाहेर गेला, तर काहीच नाही?"

"बाहेर म्हणजे बाहेर."

"माझ्या खेळात थोडक्यात चुकलं तर एक गुण देतात. गोलाचे सहा नाही देत. पण एक देतात."

"चुकल्याचं बक्षीस?"

"बक्षीस कसलं. नोंद. की एवढ्या जवळ आला होता."

आज पाच वाजता तो लंबगोल म्हणणार होता. एवढी वर्षं भांडलो, आता एकदा तिचं ऐकू. हरलो म्हणून कबूल करायला समोर ती हवी होती, पण नाही तर नाही.

फेरा कुंपणाकडे वळला. तिथे पाण्याचा एक जुना नळ होता. नळ जवळ आला की तो गाडीच्या चाकाकडे बघायचा, आणि नळ मागे पडेपर्यंत मान वर करायचा नाही. आजही केली नाही. पुढे जाऊन अर्धगोल पुरा केला, दोरी सोडली आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

सर्व्हेवाली बाई फाटकातून आत येत होती. कृत्रिम गवताच्या नकाशासाठी समितीने तिला बोलावलं होतं. वय तिशीच्या आसपास, खांद्यावर तिपाई, डोक्यावर मोठी टोपी. काल अर्धं मैदान तिने मोजलं होतं, आणि मोजता मोजता त्याला तीनदा चहा करायला लावला होता. तिने तिपाई मांडली, यंत्रातून बघितलं, मग यंत्र सोडून नुसत्या डोळ्यांनी बघितलं.

"काका, ही आतली रेघ कुणाची?"

"कुठली आतली?"

ती नळाकडे चालत गेली. त्याला मागून जावं लागलं.

फक्की धुऊन जाते, पण वर्षानुवर्षं जिथे ती पडते तिथलं गवत गडद होतं. मैदान कापलं की जुनी रेघ हिरवी होऊन वर येते. त्यात नवल काही नव्हतं. सगळीकडे त्याची आजची पांढरी रेघ त्या जुन्या हिरव्या रेघेवर बरोबर बसली होती. नळापाशी मात्र बसली नव्हती. पांढरी रेघ आपला गोल धरून सरळ पुढे गेली होती. हिरवी रेघ तिच्यापासून सुटून मैदानाच्या आत वळली होती, आणि काही पावलांवर पुन्हा येऊन तिला मिळाली होती.

"तिचा पाय सरकला असेल," तो म्हणाला.

"कुणाचा?"

"दोरी बायको धरायची."

बाईने टेप काढली, गुडघ्यांवर बसून मोजलं. आत गेलेलं अंतर दोन मीटर चाळीस. ती बसल्या बसल्याच मान हलवू लागली.

"पाय सरकला, काका, तर पुढची सगळी रेघ सरकते. ही परत जागेवर आलीय. आणि एका वर्षाची नाही ही. बघा, एकावर एक आहेत. दर वर्षी इथेच आत, इथेच बाहेर." तिने गवतावर बोटं फिरवली. "आणि इथे एवढी रुंद का? बाकीच्या रेघेपेक्षा चार बोटं जास्त आहे."

"गाडी हळू झाली की फक्की जास्त पडते," तो म्हणाला.

हे त्याने कुणाही नवख्याला सांगावं तसं सांगितलं. मग आपणच काय सांगितलं ते त्याला ऐकू आलं. त्याने नळावर हात ठेवला. नळ उन्हाने तापला होता, तरी हात काढला नाही.

बाई यंत्राकडे परत गेली. तो तिथेच राहिला, आणि पहिल्यांदाच त्याने त्या जागेकडे नीट बघितलं. गवतच होतं.

एकतीस वर्षांपूर्वी त्यांना मुलगी झाली होती. ती रडलीच नाही. बायको दवाखान्यात ग्लानीत होती. थोरला भाऊ त्याला बाजूला घेऊन म्हणाला, तूच उरकून टाक, आणि जागा तिला सांगू नकोस, नाहीतर जन्मभर तिथे जाऊन बसेल. त्याने टॉवेलात गुंडाळून आणलं. जमीन कडक होती, गुडघ्याएवढाच खड्डा झाला. तेव्हा हा कोपरा कुठल्याच खेळात येत नव्हता. बायको घरी आल्यावर तो एवढंच म्हणाला की सगळं नीट झालं. कुठे, ते तिने विचारलं नाही. त्या दिवशी नाही, पुढेही कधी नाही. त्याला वाटलं, थोरल्याचं बरोबर होतं.

दोन वर्षांनी लंबगोल आला आणि त्याचा अर्धगोल नेमका इथून जाणार होता. त्याने हट्ट केला तो त्यासाठी. हट्ट चालला नाही तेव्हा तो चाकाकडे बघायला शिकला. पहिली काही वर्षं पायाखाली ती जागा येईल म्हणून जीव मुठीत धरून चालायचा. पहिल्या वर्षी आल्यासारखी वाटली, नंतर कधीच नाही. मग त्याला वाटायला लागलं की आपल्या आठवणीतच चूक आहे. जागा कुंपणाला अधिक लागून असणार, रेघेच्या बाहेर. या समजुतीवर त्याने एवढी वर्षं काढली. आज सकाळी खुंटीने काढलेली पांढरी रेघ मात्र थेट त्या जागेवरून गेली होती.

"बाई," त्याने हाक मारली. "खणणार किती?"

"दीड फूट. माती काढतात, मग खडी घालतात."

"कुठपर्यंत?"

"लंबगोल ठरला तर रेघेपर्यंत. गोल चेंडू ठरला तर इथे काहीच नाही, हा कोपरा तसाच राहील." ती नकाशावर वाकली होती. "कुठली रेघ धरू? नवीच धरते. ती बरोबर आहे."

तो म्हणाला, संध्याकाळपर्यंत थांबा.

खोलीत आल्यावर त्याने फळीवरून तिची जुनी दोरी काढली. दाराच्या मागे खिळ्याला तिचा मैदानावर घालायचा स्वेटर होता, अजून तसाच. त्याचं डावं कोपर दर वर्षी झिजायचं आणि दर वर्षी ती ते रफू करायची. एकाच कोपराला काय होतं तुझ्या, असं तो विचारायचा. ती म्हणायची, टेकते त्यावर. रफूवर रफू होऊन त्या जागी बोटभर जाडी आली होती.

तो खाटेवर बसला. दोरीचं टोक डाव्या मुठीत धरलं आणि लोकर गुंडाळतात तशी दोरी अंगठ्यातून कोपराखालून घेतली. एक वेढा. परत अंगठ्यातून कोपराखालून. दुसरा. तिसरा. मग दोन्हीकडे चिमटीत धरून वेढे सोडले, दोरी जमिनीवर सरळ केली आणि टेप लावली. दोन मीटर चाळीसला दोन बोटं कमी. तिचा हात त्याच्या हातापेक्षा लांब होता. यावरूनही ती त्याला चिडवायची.

साठ पावलांवर उभी राहून ती त्याला बघत असणार. नळाशी याची गाडी हळू होते, मान खाली जाते. पहिल्या वर्षी तिला तेवढंच दिसलं असेल. दुसऱ्या वर्षी तिने दोरी ओढली. तो चाकाकडे बघतच दोरी नेईल तिकडे आत वळला आणि ती सोडेल तसा बाहेर आला. तो म्हणायचा हलू नकोस, आणि ती म्हणायची मी कुठं जातेय.

त्याने दोरी गुंडाळून मांडीवर घेतली. गोल म्हटलं तर प्रश्नच मिटत होता. कोपरा सुटा राहील, कुदळ लागणार नाही. कुणाला आश्चर्यही वाटणार नाही. पण मग तिथून कुठलीच रेघ जाणार नाही. हिरवी रेघ दोन-तीन वर्षांत विरून जाईल, आणि त्या जागेला वळसा कुणीतरी घातला होता हे फक्त त्याच्या डोक्यात उरेल. त्याचं डोकं आता एकसष्ट वर्षांचं होतं.

पाच वाजता समितीची चौघं खोलीबाहेरच्या बाकांवर बसली. बाईही नकाशा घेऊन आली. चहा झाला. गोल चेंडूवाल्या दोघांनी त्याच्याकडे बघून आधीच मान डोलावली, लंबगोलवाल्यांनी आधीच निःश्वास सोडला.

"लंबगोल ठेवा," तो म्हणाला.

शिट्टींनी कप खाली ठेवला.

"तू? जन्मभर गोलासाठी भांडलास."

"हो."

"मग आज काय झालं?"

"एक अट आहे. नळापाशी जुनी रेघ आत वळलीय. रेघ तीच घ्यायची. तशीच. रेघेच्या बाहेर कुदळ लावायची नाही."

बाईने नकाशा उलगडून सगळ्यांना दाखवला. शिट्टींनी चष्मा वर केला, खाली केला. ते म्हणाले, आम्ही हजारो सामन्यांना शिट्ट्या मारल्या, पण अशी दबलेली रेघ कुठे बघितली नाही, लोक हसतील. लंबगोलवाल्यांतला एक म्हणाला की आम्हाला खेळायला मिळालं की झालं, पण सरळ करता येत असताना वाकडी का ठेवायची? गोलवाले म्हणाले, ज्याची रेघच धड नाही त्याचं मत कसलं धरता? सगळं पुन्हा दोनाला दोन होऊन बसायला लागलं.

"गोल चेंडूला चालली नसती," मैदानवाला म्हणाला. "रग्बीला नसती चालली. अमेरिकनला तर नाहीच, ते वीत वीत मोजतात. या एका खेळात मैदानाचं ठरलेलं माप नाही. लांबीही नाही, रुंदीही नाही. जसं गाव तसं मैदान. नियमात बघा."

"ते मला माहीत आहे," शिट्टी म्हणाले. "बसतं नियमात. मी विचारतोय, का?"

त्याने बाकाची कड चाचपली. एक खिळा वर आला होता, तो अंगठ्याने दाबला.

"तिने काढलीय."

शिट्टी थांबले. या वेळी ते नेहमीपेक्षा जास्त थांबले. त्यांनी मैदानाच्या त्या टोकाकडे बघितलं, मग खोलीच्या दाराकडे, जिथून दर बैठकीला कुणीतरी त्यांना हळूच शिट्टी म्हणून चहा द्यायचं. मग त्यांनी खिशातून पेन काढलं, नकाशावर सही केली आणि तो शेजारच्याकडे सरकवला. शेजारच्याने सही केली. बाकीच्या दोघांनाही करावी लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईला जुनी रेघ ताज्या फक्कीने आखलेली हवी होती, म्हणजे तिला प्रत्येक पावलाचं माप घेता येईल. आदल्या दिवशीची पांढरी रेघ त्याने पहाटेच पाणी मारून धुतली होती. हत्तीच्या लोखंडी खुंटीशी तो अर्धा तास झगडला, तेव्हा ती उपटली.

"आता दोरी कशाला बांधणार?" बाईने विचारलं.

"बांधायची नाही. धरायची."

तिने टोपी मागे सारली आणि खुंटीच्या भोकावर पाय रोवून उभी राहिली. त्याने तिच्या हातात दोरी दिली. अंगठ्यातून कोपराखालून वेढा कसा घ्यायचा ते दाखवलं. तीन वेढे. तिने दोनदा करून बघितलं.

"कुठे ओढायचं? तिथे झेंडा लावून ठेवू का?"

"झेंडा नको. गाडी हळू झाली की ओढ."

"आणि तुम्ही हळू झालाच नाहीत तर?"

"होईन."

दुसरं टोक त्याने पट्ट्याला अडकवलं आणि गाडी ढकलली. चार पावलं गेल्यावर त्याचं तोंड उघडलं. त्याने ते मिटलं. दोरी ताणलेली होती. मागून कुणी धरली आहे हे पाठीला कळत होतं, कोणी धरली आहे ते पाठीला कळत नव्हतं. फेरा वळला. कुंपण आलं. मग नळ आला.

त्याने चाकावरून नजर काढली आणि वर बघितलं. गाडी आपोआप हळू झाली. कमरेला दोरीची ओढ लागली, एकदा, दोनदा, तीनदा, आणि तो आत वळला. डाव्या हाताला दोन-तीन पावलांवर ती जागा त्याच्या बरोबरीने आली, थोडा वेळ बरोबरीने राहिली आणि मागे पडली. दोरी एक एक वेढा सुटत गेली.

मागे रेघ चार बोटं जास्त रुंद पडली होती.